बारा एप्रिलची घोषणा

आमच्या गावात सकाळी साडेनऊ वाजता मी बोलते आणि सगळं गाव ऐकतं. न ऐकून करतात काय! नगरपालिकेचे भोंगे खांबाखांबावर लावलेत. पाणी कधी जाणार, मासळीची गाडी कुठे उभी आहे, कोणाची शेळी हरवली, कोण वारलं, सगळं माझ्या तोंडून कळतं. माझं नाव नेझाकेत, म्हणजे सौजन्य. आईबापांनी तान्ह्या पोरीला ठेवलेलं नाव ते. पुढे तिला तोंड कसलं फुटणार, त्यांना काय ठाऊक!

घोषणांच्या शेवटी असतं ‘इतिहासात आज’. हे माझंच खूळ. माझ्या टेबलामागे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलंय. पानाच्या मागे आज काय रांधावं, आज जन्मलेल्या बाळाचं नाव काय ठेवावं आणि याच तारखेला जगात पूर्वी काय काय घडलं ते छापलेलं असतं. एकदा घोषणा लवकर आटोपल्या म्हणून मी ते वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी नाही वाचलं, तर चहाच्या दुकानातून निरोप आला, “आज जगात काहीच घडलं नाही का?”

मग रोजचंच झालं. हळूहळू लोक खिडकीशी यायला लागले. “नेझाकेत आब्ला, उद्या आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या राजेरजवाड्यांच्या मध्ये कुठंतरी आमचंही सरकव की.” आब्ला म्हटलं, थोरल्या बहिणीचा मान दिला, की मी विरघळतेच. सरकवलं. आता एकोणतीस मेला इस्तंबूल जिंकल्याचं सांगितलं की त्याच दमात हुस्नूचं खेचर हौदात पडल्याचंही सांगावं लागतं, नाहीतर हुस्नू रुसतो. खेचर मरून कैक वर्षं झाली, पण हुस्नूचा रुसवा जिवंत आहे.

आमचे नगराध्यक्ष तहसीन बे, म्हणजे तहसीनसाहेब, यांना हे पसंत नाही. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, ह्याचं शेंबडं नाक मी पुसलंय, आणि आता टाय लावून मला सांगतो, “आब्ला, भोंगा सरकारी आहे. जगाचा इतिहास वाचा, खेचराचा नको. आणखी एक तक्रार आली ना, तर मी शहरातून रेकॉर्ड केलेला आवाज आणून बसवीन.”

“बसव,” म्हटलं. “त्या आवाजाला हरवलेली शेळी ओळखता येते का ते बघ आधी.”

पण आतून धाकधूक होतीच. नवरा गेल्यापासून सकाळचा तो अर्धा तासच माझा म्हणावा असा आहे.

तर त्या दिवशी बारा एप्रिल. पान फाडलं, मागे वाचलं. १९६१ साली याच दिवशी माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. १९८१ साली, बरोब्बर त्याच तारखेला, अमेरिकेचं ते विमानासारखं यान पहिल्यांदा वर उडालं. आमच्या गावाचंही एक होतं. १९७४ साली पहिला टेलिफोन आला, आणि तेव्हाच्या मुख्तारानं, म्हणजे गावच्या पाटलानं, पहिला फोन समोरच्याच घरात लावून एवढ्या मोठ्यानं “ऐकू येतंय का?” विचारलं, की समोरच्यानं फोन खाली ठेवून खिडकीतूनच उत्तर दिलं.

आणि चौथी गोष्ट कुठेच छापलेली नव्हती. २०२० साली याच दिवशी सालिहा आब्ला गेली.

सालिहा म्हणजे शेगडीवाल्या रहमी उस्तांची बायको. उस्ता म्हणजे कसबी कारागीर, ते पत्र्याच्या शेगड्या बनवायचे. आमच्या गावात हिवाळा पाच महिने बसतो आणि असं एक घर नाही जिथं त्यांच्या हातची शेगडी नाही. आणि असं एक घर नाही जिथं दुःखात सालिहाचं पातेलं पोचलं नाही. कोणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे रांधून नेतात, ही रीत सगळ्यांचीच. पण सालिहा रीतीच्याही पुढे धावायची. माझा नवरा गेला तेव्हा मशिदीतून प्रार्थना संपायच्या आधी ही बाई रव्याचा हलवा घेऊन दारात उभी. मी म्हटलं, “आब्ला, मला घास उतरत नाही.” तर म्हणाली, “तुझ्यासाठी नाही आणलं, रडणाऱ्यांसाठी आणलंय. तू नुसती ढवळत बस, हाताला काम हवं.” चाळीस दिवस रोज आली. मी उभी राहिले ती त्या बाईमुळे, हे मी कोणापुढेही सांगेन.

अशा बाईच्या मरणाला कोणीही गेलं नाही. जाताच आलं नाही. तो वसंत आठवतोय ना? म्हाताऱ्यांना उंबरा ओलांडायची बंदी, एकत्र जमायची बंदी. तिला तो रोगसुद्धा झालेला नव्हता, हृदयानं दगा दिला. चार माणसं, तोंडं बांधलेली, तिला ठेवून आली. आणि सरकारकडून आलेलं वाक्य भोंग्यावरून मीच वाचलं, “सांत्वनासाठी कोणीही घरी येऊ नये.” सगळीकडेच वाचत होते. पण ते वाक्य त्या घराच्या दारावरच्या भोंग्यातून, माझ्या आवाजात, रहमी उस्तांनी एकट्यानं ऐकलं.

त्यानंतर उस्ता मिटले. दुकान बंद, चहाचं दुकान बंद, नमाजसुद्धा घरीच. बंदी उठली तेव्हा आम्ही एकेकटे गेलोही, पण उस्ता दारातूनच म्हणायचे, “आता काय, गेली ती,” आणि दार लावून घ्यायचे. लोक कंटाळले. लोकांना कंटाळायला वेळ लागत नाही. आता बुर्साहून त्यांची लेक नुराय हिनं घरातलं सामान न्यायला गाडी ठरवली होती. तेरा एप्रिलला सकाळी उस्ता कायमचे जाणार होते. मला हे पाकिझेनं सांगितलं, माझ्या भिंतीपलीकडची शेजारीण, आणि तिला सांगितलं म्हणजे गॅझेटमध्येच छापलं.

मी रात्रभर तळमळले बाई. सालिहाचा नवरा या गावावर मन विटून जाणार, आणि आम्ही खिडकीतून गाडी बघणार? त्यानं जाऊ नये असं नव्हतं माझं म्हणणं, लेकीकडे जाणं बरंच. पण असं जाऊ नये. म्हणून सकाळी मी ठरवलं, तहसीन बे गेला उडत. जे वाक्य मी तेव्हा वाचलं होतं, ते आज उलटं वाचणार.

साडेनऊ वाजले. पाणी, मासळी, शेळी झाली. मग अंतराळवीर, मग यान, मग मुख्तार. आणि मग घसा साफ करून मी म्हटलं, “याच दिवशी २०२० साली आपल्या गावचे शेगडीवाले रहमी उस्ता यांच्या पत्नी सालिहा हानम यांना अल्लानं आपल्याकडे बोलावून घेतलं. अल्लाची दया असो. सांत्वनासाठी घर उघडं आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं.” शेवटचं वाक्य कोणाला न विचारता माझ्या पदरचं. माइक बंद केला, डोळे पुसले आणि चहा ओतला.

चहाचा तिसरा पेला संपतो तोच तहसीन बे धाडकन आत आला. टाय अर्धवट.

“आब्ला! रहमी उस्ता वारले आणि मला आधी कळवायची पद्धत नाही?”

“कोण वारले?”

“अहो, तुम्हीच मघाशी सांगितलंत!”

“मी? मी सालिहाचं सांगितलं!”

“सालिहाचं कुठलं? वीज दोनदा गेली-आली. मुख्तारानं फोन लावला, तिथं गेली. आली तेव्हा ऐकू आलं, ‘शेगडीवाले रहमी उस्ता’. पुन्हा गेली. पुन्हा आली ती ‘यांना अल्लानं आपल्याकडे बोलावून घेतलं’ इथं. मग ‘घर उघडं आहे, यावं’. गाव निघालंय, आब्ला!”

माझ्या खोलीला इन्व्हर्टर. दिवा हललासुद्धा नव्हता, मला कसं कळणार! धावत जाऊन माइक उघडला, “ऐका, ऐका,” म्हटलं, पण खिडकीतून कान दिला तर बाहेर भोंगे मुके. वीज तिसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेस चांगली मुक्कामाला.

“गेली माझी नोकरी,” म्हटलं.

“नोकरीचं नंतर बघू,” तहसीन म्हणाला, “आधी पळा. म्हातारा दार उघडून मयताची तयारी बघेल तर खरंच जाईल.”

पळालो. ह्या वयात ती चढण म्हणजे काय, माझ्या गुडघ्यांना विचारा. आणि आमच्या गावाचा एरवीचा आळस कुठं गेला होता कोण जाणे! पाणी सोडलंय म्हटलं तर तासाभरानं बादली काढणारी माणसं, पण मरण म्हटलं की कशी निघतात. गल्ली भरून गेली होती. पाकिझेच्या हातात हलव्याची कढई, अजून वाफ निघतेय. कोणाच्या डोक्यावर मसुराच्या साराचं पातेलं, कोणी फडक्यात गरम पाव बांधलेले. चहाच्या दुकानवाल्यानं सगळ्या खुर्च्याच उचलून आणल्या होत्या. हुस्नू ढसाढसा रडत होता, “माझ्या खेचराला नाल ठोकायला मदत केली होती हो उस्तांनी.” इमामसाहेब रागानं लाल, “मला न सांगता माणूस मरतोच कसा? मिनारावरून प्रार्थना नाही, काही नाही!” आणि सगळ्यात पुढे, दाराला जवळजवळ नाक लावून, कबर खणणारा बेकीर. खांद्यावर फावडं.

“थांबा!” मी ओरडले. दम लागून शब्दच फुटेना. “अहो, उस्ता...”

आणि दार उघडलं.

रहमी उस्ता उभे. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, डोक्यावर टोपी. पाकिझेनं “बिस्मिल्ला!” म्हणून कढई छातीशी धरली, हात भाजले तरी सोडेना. बेकीरनं फावडं पाठीमागे लपवलं. फावडं ते, त्याच्या डोक्याच्या वर हातभर दिसत होतं.

उस्तांनी एकेकाकडे बघितलं. सावकाश, शेवटच्या माणसापर्यंत. माझ्यावर नजर आली तशी मी मान खाली घातली. म्हटलं, आता बोलतील, आणि गाव माझी चामडी सोलणार.

“सालिहासाठी आलात ना?” उस्ता म्हणाले. “तिचाच दिवस आज. या. आत या सगळे.”

मला आमच्या गावाची सगळी खोड माहीत आहे. एका पोराला ठेच लागली तर सात घरांत पाय मोडल्याची बातमी करणारी ही माणसं. पण त्या क्षणी एकानंही तोंड उघडलं नाही. पहिली पाकिझेच बोलली, तीच पाकिझे.

“हो उस्ता, सालिहा आब्लासाठीच. उशीर झाला, माफ करा.”

“आलात ना,” उस्ता म्हणाले. “उशिराचं काय घेऊन बसलात.”

मग कढया आत गेल्या. खुर्च्या अंगणात लागल्या. इमामसाहेब घसा खाकरून बसले आणि कुराण पठण केलं, सालिहाचं नाव घेऊन, तिच्या बापाचं नाव घेऊन, जसं तेव्हाच व्हायला हवं होतं तसं. बायका आतल्या खोलीत बसल्या. तिथं बांधलेली खोकी होती, त्यांवरच बसल्या. आणि मग सुरू झालं. कोणाच्या बाळंतपणात सालिहा तीन रात्री जागली. कोणाच्या सासूला तिनं एका वाक्यात गप्प केलं. बर्फात शाळा बंद पडली तेव्हा तिनं आपल्या घरची पेटती शेगडी कोळशासकट फळ्यासमोर कशी नेऊन ठेवली. मी माझ्या नवऱ्याच्या वेळचा हलवा सांगितला आणि हमसून हमसून रडले. सगळ्याच रडलो. मधूनच हसलोही, कारण सालिहाची गोष्ट सांगायची आणि हसायचं नाही, हे जमणारच नाही. अंगणात उस्ता खुर्चीत बसले होते. येणारा प्रत्येक जण वाकून त्यांचा हात हातात घेत होता आणि म्हणत होता, “तुम्हाला अल्ला आयुष्य देवो.” हे आमचं नेहमीचंच वाक्य, मेलेल्याच्या माणसांना म्हणतात. पण त्या दिवशी लोक ते जरा जास्तच जोर देऊन म्हणत होते. बेकीरनं तर दोनदा म्हटलं.

संध्याकाळी सगळे पांगले. तहसीन बे टाय घट्ट करत निघून गेला. मी घरी जाऊन घटकाभर रडत आणि घटकाभर अल्लाचे आभार मानत बसले. वीज कंपनीचेही मानले. आयुष्यात पहिल्यांदाच.

सकाळी बुर्साची गाडी आली. ड्रायव्हर दार वाजवतोय, मी माझ्या खिडकीत, पाकिझे तिच्या खिडकीत. उस्तांनी दार उघडलं आणि म्हणाले, “बाळा, आज नाही जमणार.”

“अहो चाचा, लेकीनं सांगितलंय.”

“तिला मी फोन करतो. आत ये, बघ.” मीही गेले बघायला, चोरून कशाला. स्वयंपाकघरात, ओसरीवर, खोक्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर भांडीच भांडी. अख्ख्या गावाची. धुऊन पालथी घातलेली. उस्तांनी रात्री बसून स्वतः धुतली होती.

“ही परत करायची आहेत,” उस्ता म्हणाले. “आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. सालिहानं कधी केलं नाही. मला रांधता येत नाही. म्हणजे शिकायला हवं. म्हणजे वेळ लागणार.”

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “बघतोस काय? म्हातारं माणूस रीत पाळतंय. चहा पी आणि जा.”

तेव्हापासून उस्ता रोज एक भांडं परत करतात. त्यांचे पहिले दिवस आमच्या जिवावर बेतले, हे खरं. मिठाचा पत्ता नसलेलं सार, वीट म्हणून भिंतीत बसवावा असा केक. पण सगळ्यांनी घेतलं, सगळ्यांनी “हाताला चव आहे उस्ता” म्हटलं, आणि त्यांना आत बोलावून चहा पाजला. भांडं द्यायला गेलेला माणूस चहा न घेता परत येत नाही आमच्यात. अशानं एकेक घर करत उस्ता सगळ्या गावात हिंडले. नुराय सुट्टीत आली, आठ दिवस बापाच्या हातचं खाल्लं आणि एकटीच परत गेली. शेगडीचं दुकानही आता दुपारचं उघडं असतं.

माझी पाळी शेवटी आली, मी तर त्या दिवशी रिकाम्या हातानं धावले होते. मुद्दाम ठेवली होती असं वाटतं. दारात उस्ता, हातात त्यांच्याच घरचं झाकलेलं ताट. झाकण काढलं तर रव्याचा हलवा. खालून थोडा करपलेला, पण वास तोच, सालिहाचा.

“बसा उस्ता,” म्हटलं. आणि माझ्याच्यानं राहवेना. “उस्ता, एक सांगायचंय. त्या दिवशी लोक आले ते...”

“नेझाकेत,” उस्ता म्हणाले, “भोंगा माझ्या दारावर आहे. वीज माझ्याकडेही तेवढीच जाते.”

मी हलव्याचं ताट त्यांच्या हातून घेऊन खाली ठेवलं.

“मी माझं मरण माझ्या कानांनी ऐकलं,” ते म्हणाले. “आधी राग आला. मग म्हटलं, बघू या तरी, कोण येतं. कोणी नाही आलं तर उद्या जायला बरं, मागे वळून बघायला नको. दाढी केली, सदरा घातला आणि दारामागे स्टूल टाकून बसलो. आणि मग पावलं ऐकू यायला लागली. थांबेचनात.”

“मग दारात तुम्ही सालिहाचं नाव का घेतलंत?”

“तुमची तोंडं बघितली ना. बेकीर तर फावड्याआड लपायला बघत होता. एवढ्या लांबून अन्न वाहून आणलेल्या माणसांना उघडं पाडायचं? सालिहानं मला घराबाहेर काढलं असतं.” ते हसले आणि टोपीनं डोळे पुसले. “त्याच संध्याकाळी, तुम्ही पांगल्यावर, कबरीवर गेलो होतो. तिला सांगितलं, सगळे आले गं. उशिरा आले, पण एकही घरी राहिला नाही. कोणासाठी आले ते नाही सांगितलं. तिला काय करायचंय.”

मला रडू आवरेना. हलव्याचा घास घेतला आणि ढवळत बसले, हाताला काम हवं म्हणून.

उस्ता उठले. दारात थांबून म्हणाले, “तहसीन आला होता काल. म्हणतो, पुढच्या बारा एप्रिलला त्या अंतराळवाल्यांच्या शेजारी सालिहाचं नाव असू दे, त्याची काही हरकत नाही. तेवढं वाचशील ना, पोरी?”

“वाचीन उस्ता. आणि इन्व्हर्टर भोंग्यांनाही लावून घेते.”

“नको,” उस्ता म्हणाले. “वीज जाते तशी जाऊ दे. आणि ताट राहू दे तुझ्याकडे. रिकामं परत पाठवू नकोस म्हणजे झालं.”